बटणं नसलेला बेंजो

गेल्या गणपतीच्या आधी इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या शार्लटच्या, मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी एक आगाऊपणा केला. मिरवणुकीला ढोल कमी पडतायत, कुणाकडे काय वाजवायचं आहे, अशी विचारणा आली होती. मी लिहून मोकळा झालो, ‘माझ्याकडे बँजो आहे.’ पाच मिनिटांत तीसेक अंगठे. ‘अरे वा, लालबागची पार्टी आली!’ असंही एकाने टाकलं. आणि मी मिरवणुकीच्या दिवशी गोल चामड्याचं, लांब मानेचं, पाच तारांचं वाद्य गळ्यात अडकवून हजर झालो, तेव्हा अध्यक्षीणबाई माझ्याकडे दोन मिनिटं नुसत्या बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, ‘आणि बटणं कुठायत?’

चूक माझीच. मी काळाचौकीत वाढलो, मला हे कळायला हवं होतं. आपल्याकडे बेंजो म्हटलं की टाइपरायटरसारखी बटणं असलेली लाकडी पेटी, तिला पिकअप लावलेला, वायर अँपला आणि भोंगे हातगाडीवर. ‘चाल तुरू तुरू’ पासून ‘झिंगाट’ पर्यंत त्यावर काहीही वाजतं. तो खरं तर बुलबुल तरंग, जपानच्या ताइशोगोतो नावाच्या वाद्याचा भाऊबंद. त्याला मुंबईत बेंजो कोण म्हणायला लागलं देव जाणे, पण लालबाग-परळच्या तीन पिढ्यांच्या कानात तोच बेंजो आहे. मी गळ्यात घेऊन उभा होतो तो बँजो मूळचा पश्चिम आफ्रिकेतल्या वाद्यांच्या कुळातला. गुलाम म्हणून जहाजांत कोंबून आणलेल्या माणसांनी अमेरिकेत भोपळ्यावर चामडं ताणून तो पुन्हा बनवला.

मिरवणुकीत मी शेवटी झांजा वाजवल्या.

ते असो. गेली चार वर्षं मी हे वाद्य का घेऊन बसलोय, असं मला सारखं विचारलं जातं, म्हणून एकदाच लिहून टाकतो. कारण एकच आहे, अर्ल स्क्रग्ज नावाचा अमेरिकन बँजोवादक. आणि अर्ल स्क्रग्जचं कारण माझे बाबा आहेत. त्यांनी 2 वर्षांपूर्वीपर्यंत हे नावसुद्धा ऐकलं नव्हतं, ती गोष्ट वेगळी.

मी शार्लटमध्ये एका बँकेच्या आयटीत नोकरी करतो. आमच्या घराजवळ दर गुरुवारी रात्री काही लोक खुर्च्या गोल मांडून ब्लूग्रास नावाचं इथलं तारवाद्यांचं संगीत वाजवतात. गिटार, फिडल, मॅन्डोलिन, उभा बास आणि बँजो. कुणी तिकीट काढत नाही, कुणी सत्कार करत नाही. एक गाणं सुरू होतं, मग गोलातल्या प्रत्येकाला पाळीपाळीने एक-एक आवर्तन मिळतं. म्होरक्या फक्त मान हलवतो, की तुमची पाळी. मला ते भजनी मंडळासारखं वाटलं. लहानपणी चाळीत दर एकादशीला मी मृदंगावर असायचो, त्यामुळे पाय आपोआप तिकडे वळले. तिथे जे आजोबा बँजो वाजवायचे, तेच माझे मास्तर झाले. सत्तरी ओलांडलेले, आयुष्यभर ट्रक चालवलेले. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, ‘तुझा बाप काय करायचा?’ मी म्हटलं, सूतगिरणीत होता. ते म्हणाले, ‘मग तुला जमेल. अर्लही सूतगिरणीतच होता.’

झालं. घरी येऊन मी रात्री 2 पर्यंत वाचत बसलो.

अर्ल स्क्रग्जचा जन्म 6 जानेवारी 1924 चा, नॉर्थ कॅरोलायनाच्या क्लीव्हलँड काउंटीतल्या फ्लिंट हिलचा. शेल्बी नावाचं गाव तिथून जवळ, आणि शार्लटहून शेल्बी तासाभरावर. म्हणजे हा माणूस माझ्या अगदी अंगणातला निघाला. वडील शेतकरी, हिशेबही लिहायचे, बँजोही वाजवायचे. अर्ल चार वर्षांचा असताना ते वारले. आई, भावंडं आणि शेती, एवढंच मागे उरलं. घरात थोरल्या भावाचा, ज्यूनीचा, बँजो होता. पण अर्ल इतका लहान की तो मांडीवर मावायचा नाही. मग तो बँजो शेजारी जमिनीवर ठेवायचा आणि मानेवर वरचे सूर हवे असतील तर तो आख्खा बँजोच पुढे-मागे सरकवायचा. हे वाचलं तेव्हा मला आमच्या चाळीतला एक पोरगा आठवला. पेटीचा भाता मारायला हात पुरायचा नाही म्हणून तो पायाने भाता मारायचा.

त्याच्या लहानपणीची दुसरी गोष्ट मला त्याहून आवडते. अर्ल आणि त्याचा भाऊ हॉरेस, दोघं घराच्या पुढच्या अंगणात एक गाणं सुरू करायचे, एक बँजोवर, एक गिटारवर. मग वाजवत वाजवतच एक उजवीकडून, दुसरा डावीकडून, घराला वळसा घालायला निघायचे. मधल्या वेळात एकमेकांचं नीट ऐकू येणार नाही. घरामागे पुन्हा भेटले की बघायचं, दोघं अजून एकाच मात्रेवर आहोत का.

लय मोजून देणारं मेट्रोनोम वगैरे काही नाही. घर हेच मेट्रोनोम.

मी हा प्रयोग मुलीबरोबर करून पाहिला. ती युकुलेले वाजवते, बरी वाजवते. शनिवारी सकाळी आम्ही दोघं पोर्चवरून निघालो, गाणं अगदी सोपं घेतलं. मी गॅरेजच्या बाजूने गेलो. कचऱ्याच्या डब्यांपाशी पोचेपर्यंत तिचा आवाज बंद झाला आणि मला वाटलं, काय सोपं आहे हे. एसीच्या पंख्याची घरघर, शेजाऱ्यांचा कुत्रा, ओल्या गवतावर सपाता घसरतायत, पण हात चालू. मागच्या डेकजवळ ती समोर आली तेव्हा ती दुसऱ्या ओळीच्या मध्यावर होती आणि मी गाणं संपवून पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं होतं. ‘बाबा, तू पळतोयस,’ ती म्हणाली. पळत नव्हतो, चालतच होतो. लय पळत होती. सहा वेळा केलं, सहाही वेळा माझीच लय पुढे. ती दर वेळी जिथे असायला हवी तिथे. मृदंग वाजवलेल्या माणसाला हे किती लागतं, ते वाजवणाऱ्यालाच कळेल.

आता तीन बोटांचं सांगतो, कारण अर्लचं नाव घेतलं की लोक तेच सांगतात. त्याआधी बँजो बहुतेक ठिकाणी नखाने वरून खाली मारत वाजवायचे, नाहीतर दोन बोटांनी. पण पश्चिम नॉर्थ कॅरोलायनाच्या त्या पट्ट्यात तीन बोटांनी वाजवणारे काही जण आधीच होते. स्मिथ हॅमेट होता, स्नफी जेन्किन्स होता. लहानग्या अर्लने मॅक वूलब्राइट या अंध वादकाला काकांच्या घरी ऐकलं होतं. त्यामुळे ‘अर्लने तीन बोटं शोधून काढली’ हे खोटं आहे, आणि असं कुणी म्हटलं की माझे मास्तर चिडतात. अर्ल दहा वर्षांचा असताना भावाशी भांडण झालं, हा खोलीत जाऊन एकटाच ‘रूबेन’ नावाचं गाणं वाजवत बसला, आणि तंद्रीत असताना त्याच्या लक्षात आलं की आपली तीन बोटं चालतायत. तो घरभर ओरडत पळाला, म्हणे. पुढचा आठवडाभर घरच्यांना ‘रूबेन’शिवाय दुसरं काही ऐकायला मिळालं नाही. त्यांचे हाल मी समजू शकतो. माझ्या बायकोला विचारा.

त्या तीन बोटांत आहे काय? अंगठ्यात प्लास्टिकचं आणि तर्जनी-मधल्या बोटात धातूचं पिक. मिजराब तीन बोटांत घातल्यासारखं समजा. अनामिका आणि करंगळी चामड्यावर टेकलेली. आठ बारीक स्वरांचा एक घास. अंगठा-तर्जनी-मधलं, अंगठा-तर्जनी-मधलं, अंगठा-मधलं. तीन, तीन, दोन. भजनीच्या आठ मात्रांत बसणारं, पण जोर पडतो तो भलत्याच ठिकाणी. पाय चार-चार मोजतोय आणि हात तीन-तीन-दोन. पहिले सहा महिने माझं डोकं आणि हात यांची बोलचाल बंद होती. याला हे लोक ‘रोल’ म्हणतात. पाचवी तार आखूड असते, तिची खुंटी मानेच्या मध्यावरच, आणि ती सतत वरचा एकच सूर देत राहते. सतारीची चिकारी जशी. सुरावट त्या रोलच्या आत कुठेतरी दडवायची असते. बाजूचे स्वर झरझर सांडतायत आणि त्यातला नेमका गाण्याचा स्वर तेवढा वर उठून दिसला पाहिजे.

अर्लचं वेगळेपण इथे. वेगाने वाजवणारे पुढे शेकड्याने झाले. याचा एकेक स्वर मात्र वेगळा मोजून घ्यावा असा. मास्तर एक रेकॉर्ड अर्ध्या वेगाने लावून ऐकवतात. वेग अर्धा केला तरी कुठे गुठळी नाही, कुठे विरळ नाही.

आणि इथे मला बाबा आठवतात.

बाबा गिरणीच्या रिंग खात्यात होते, म्हणजे सूत कातायच्या विभागात. लहानपणी एकदा डबा द्यायला गेलो तेव्हा आतला आवाज असा की माणूस माणसाच्या कानात ओरडतोय. सगळ्यांच्या केसांवर कापसाची पिंज. बाबा दोन रांगांच्या मधून चालत होते. धावत नव्हते, थांबतही नव्हते. कुठे सुताची तार तुटली की हात जायचा, बोटांत एक पीळ बसायचा, तार जोडलेली, पुढे. त्यांनी मान वळवूनही पाहिलं नाही. संध्याकाळी घरी आले की आईच्या शिवणाच्या रिळाचा दोरा दोन बोटांत धरून ओढायचे आणि सांगायचे, ‘हय जाड, हय बारीक.’ आम्हाला काही दिसायचं नाही. सूत एकसारखं आलं पाहिजे, एवढीच त्यांची सौंदर्यदृष्टी. भाजी कशी झालीय विचारलं तरी ‘एकसारखी’ म्हणायचे.

अर्ल वयाच्या पंधराव्या वर्षी मॉरिस ब्रदर्सबरोबर काही महिने वाजवून आला होता, पण पैसा लागत होता. तो शेल्बीच्या लिली मिल्समध्ये गेला, शिवणाचा दोरा बनवणारी गिरणी. तासाला 40 सेंट. तिथे दोनेक वर्षं काढली. महायुद्ध चालू होतं, घरी आई. 1945 मध्ये तो गिरणीतून सुटला आणि लॉस्ट जॉन मिलर नावाच्या गायकाच्या ताफ्यात नॉक्सव्हिलच्या रेडिओवर गेला. त्याच वर्षाच्या शेवटी बिल मन्रोच्या ‘ब्लू ग्रास बॉइज’मध्ये बँजोची जागा रिकामी झाली.

मन्रो म्हणजे त्या संगीताचा बापमाणूस. केंटकीचा, मॅन्डोलिनवाला, उंच गळ्याचा, हट्टी. ब्लूग्रास हे नावच मुळात त्याच्या ताफ्यावरून आलं. त्याच्याकडे गिटार वाजवून गाणारा लेस्टर फ्लॅट होता, टेनेसीचा. तोही आधी कापड गिरण्यांत घाम गाळून आलेला. आधीचा बँजोवाला स्ट्रिंगबीन विनोदी माणूस होता. त्या काळी बँजोवाल्याने लोकांना हसवायचं असंच असायचं. लय धरणं त्याला जमेना, म्हणून तो गेल्यावर लेस्टरला हायसं वाटलेलं. नवा बँजोवाला येतोय म्हटल्यावर तो बोलून गेला की माझं विचाराल तर त्याने ते वाद्य पेटीतच ठेवावं. मग नॅशव्हिलच्या एका हॉटेलात अर्लने दोन गाणी वाजवून दाखवली. त्यानंतर लेस्टरचं मत होतं की काय लागेल ते द्या, पण याला घ्या.

डिसेंबर 1945, नॅशव्हिलचं रायमन सभागृह, ‘ग्रँड ओल ऑप्री’चा शनिवारचा रेडिओ कार्यक्रम. 21 वर्षांचा सडपातळ पोरगा माइकसमोर येतो, चेहऱ्यावर हसू नाही, विनोद नाही, अंगविक्षेप नाही, आणि बोटं सुटतात. लोक वेडे झाले. अंकल डेव्ह मॅकन हा जुना बँजोवाला-नकलाकार कुरकुरला, की पोरगा वाजवतो ठीक, पण जरासुद्धा गमतीदार नाही! मला हे फार आवडतं. आमच्याकडे तबलजीला ‘तोंड वाकडं करून वाजवत नाही, म्हणजे लागत नाही’ म्हणणारे असतात, त्यातलंच.

मन्रो, फ्लॅट, स्क्रग्ज, फिडलवर चबी वाइज, बासवर हॉवर्ड वॉट्स. हे पाच जण सप्टेंबर 1946 मध्ये शिकागोत कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीसाठी ध्वनिमुद्रण करायला बसले. आज कुणीही ब्लूग्रास म्हणतं तेव्हा त्या पाच जणांचा आवाज डोळ्यांसमोर, म्हणजे कानांसमोर, येतो. पण ते दोन-अडीच वर्षंच टिकलं. आठवडाभर मोटारीत, गावोगाव तंबूत कार्यक्रम, शनिवारी रात्री काही करून नॅशव्हिल गाठायचं, की पुन्हा रस्ता. झोप मोटारीतच. 1948 च्या सुरुवातीला अर्लने राजीनामा दिला. आईकडे परत जायचं, गिरणीत पुन्हा लागायचं, असं त्याच्या मनात होतं.

मी या ठिकाणी बराच वेळ थांबलो होतो. रायमन दणाणून सोडलेला माणूस पुन्हा पाळीवर जायला निघालेला. त्याला त्यात कमीपणा वाटत नव्हता. गिरणीत पगार ठरलेला असतो आणि रात्री माणूस आपल्या बिछान्यात झोपतो.

लेस्टरनेही मागोमाग सोडलं आणि दोघांनी मिळून ‘फॉगी माउंटन बॉइज’ काढलं. मन्रोच्या हे इतकं वर्मी लागलं की पुढे वीसेक वर्षं तो या दोघांशी बोलला नाही. घराण्यांतली भांडणं आपल्यालाच ठाऊक आहेत असं समजू नका.

11 डिसेंबर 1949 ला सिनसिनाटीत त्यांनी ‘फॉगी माउंटन ब्रेकडाउन’ मुद्रित केलं. तीन मिनिटांच्या आतलं वादन. हे तुम्ही ऐकलेलं आहे, नाव माहीत नसलं तरी. कुठल्याही इंग्रजी सिनेमात खेडवळ मोटारीचा पाठलाग सुरू झाला की मागे जे वाजतं ते, किंवा त्याची नक्कल. 1967 च्या ‘बॉनी अँड क्लाइड’ सिनेमाने ते जगभर नेलं. पण मला त्यातली एक बारीकशी चूक दाखवायचीय. हेडफोन घालून ऐका. सुरुवातीनंतर चाल खालच्या धैवतावर जाते. तिथे अर्लचा बँजो मायनर वाजवतोय आणि लेस्टरची गिटार मेजर. आपल्या भाषेत, एकाच्या हातात षड्ज आहे आणि दुसऱ्याच्या हातात त्याला खेटून कोमल रिषभ. दोन्ही एकदम. पाठ्यपुस्तकाप्रमाणे ही सरळ गफलत आहे. कुणीतरी हात वर करून ‘पुन्हा घेऊ’ म्हणायला हवं होतं. कुणी म्हटलं नाही, आणि त्या जागेला जी धार आली ती नंतरच्या सुबक आवृत्त्यांत मला सापडत नाही. माझ्या मास्तरांना मात्र ती चूकच वाटते. या एका मुद्द्यावर आमचं तीन वेळा वाजलंय.

त्याच सुमाराला त्याने डॉन रीनो या दुसऱ्या बँजोवाल्याशी बँजोची अदलाबदल केली. रीनोचा गिब्सन ग्रॅनडा घेतला, तो जरा खराब अवस्थेत होता तरी वर स्वतःची एक गिटारही देऊन टाकली. तो बँजो मग आयुष्यभर त्याच्याकडेच. आणि हा पठ्ठ्या गिरणीतलाच, यंत्राला हात लावल्याशिवाय राहतोय? ‘अर्ल्स ब्रेकडाउन’मध्ये तो वाजवता वाजवता खुंटी पिळून तार खाली उतरवायचा आणि पुन्हा बरोबर सुरावर आणायचा. दर वेळी कानाने जुळवणं कटकटीचं, म्हणून त्याने बँजोच्या डोक्याला भोकं पाडून तारेला ठरावीक तेवढाच धक्का देणारी कळ स्वतः बसवली. पुढे अशा खुंट्या बाजारात आल्या, त्यांना त्याचंच नाव आहे.

पन्नासचं दशक भराभर सांगतो. मार्था व्हाइट नावाच्या पिठाच्या कंपनीने त्यांना पहाटे पावणेसहाचा रेडिओ कार्यक्रम दिला आणि गावागावांतल्या बायका बिस्किटाचं पीठ मळताना त्यांना ऐकू लागल्या. ऑप्रीत मात्र प्रवेश मिळाला तो 1955 मध्ये. मन्रोचा विरोध होता. त्याच वर्षी आईला झटका आल्याचं कळून अर्ल बायकामुलांना घेऊन निघाला असताना नॉक्सव्हिलजवळ अपघात झाला. दोन्ही खुबे निखळले, ते दुखणं जन्मभर पुरलं.

ही बायको म्हणजे लुईस. तिच्यावर वेगळा लेख व्हायला हवा. हिशेबनीस होती. तिने ताफ्याच्या तारखा, करार, पैसे सगळं हातात घेतलं, तेही अशा काळात जेव्हा नॅशव्हिलमध्ये हे काम बाई करते हे कुणाला माहीतच नव्हतं. शहरी, कॉलेजातली पोरं लोकसंगीत ऐकायला लागलीयत हे तिने आधी ओळखलं. 1959 मध्ये न्यूपोर्टच्या पहिल्या लोकसंगीत महोत्सवात अर्ल गेला. डिसेंबर 1962 मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये कार्यक्रम झाला. त्याच वर्षी ‘द बेव्हर्ली हिलबिलीज’ या टीव्ही मालिकेचं शीर्षकगीत त्यांनी वाजवलं आणि जानेवारी 1963 मध्ये ते कंट्री संगीताच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं.

न्यूयॉर्कमधल्या एका लहान मुलाने त्या मालिकेतला बँजो ऐकला आणि तो त्या आवाजाच्या मागेच लागला. त्याचं नाव बेला फ्लेक. पुढे त्याने एडगर मायर, राकेश चौरसिया आणि आपल्या माहीमच्या झाकीरभाईंबरोबर ‘ॲज वी स्पीक’ हा अल्बम केला, त्याला 2024 मध्ये ग्रॅमी मिळालं. झाकीरभाईंच्या बोटांखालून जी लय येतेय तिच्यात बँजोचे रोल कसे जाऊन बसतात, ते ऐकलं तेव्हा मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून होतो. मीटिंगला 20 मिनिटं उशीर झाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात झाकीरभाई गेले.

1969 मध्ये लेस्टर आणि अर्ल वेगळे झाले. अर्लची पोरं मोठी झाली होती, केस वाढवून फिरत होती, त्यांना बॉब डिलनची गाणी वाजवायची होती आणि बापालाही त्यात मजा येत होती. लेस्टरला हे मानवेना. त्याला जुनंच हवं होतं. दोघांपैकी कुणाला नावं ठेवावीत असं मला वाटत नाही. त्या वर्षी 15 नोव्हेंबरला वॉशिंग्टनमध्ये व्हिएतनाम युद्धाविरुद्ध प्रचंड निदर्शनं झाली. अर्ल तिथे मुलांबरोबर वाजवायला गेला. नॅशव्हिलमधून असं उघडपणे जाणारं जवळजवळ कुणीच नव्हतं, आणि त्याचा सगळा श्रोतावर्ग कोणता होता हे लक्षात घ्या. भाषणबिषण त्याच्या स्वभावात नव्हतं. वाजवून आला.

मग गॅरी, रँडी आणि स्टीव्ह या मुलांबरोबर ‘अर्ल स्क्रग्ज रेव्ह्यू’. शुद्धतावादी नाकं मुरडत होते, मलाही त्यातलं सगळं आवडत नाही. ड्रम्सखाली बँजो दबतो. पण 1971 च्या उन्हाळ्यात ‘निटी ग्रिटी डर्ट बँड’ या केसाळ पोरांनी जुन्या बुजुर्गांना घेऊन अल्बम करायचं ठरवलं तेव्हा अर्लच्या शब्दावर मेबेल कार्टर, डॉक वॉटसन अशी माणसं एका खोलीत आली. मन्रो नाही आला. 1975 मध्ये अर्ल स्वतःचं छोटं विमान उडवत एकटाच कार्यक्रमाहून परतत होता, धुक्यात नॅशव्हिलच्या धावपट्टीवरून पुढे गेला आणि विमान उलटलं. घोटा, मनगट, नाक मोडलेलं. तसाच रांगत बाहेर आला आणि मदत येईपर्यंत पाचेक तास पडून राहिला. मनगट मोडल्यावरही तो पुन्हा वाजवायला बसला. मला मनगटात मुरड आली तर मी गुरुवार चुकवतो.

लेस्टर 1979 मध्ये गेला. त्याआधी अर्ल त्याला इस्पितळात भेटून आला होता. लुईस 2006 मध्ये. अर्ल 28 मार्च 2012 ला, 88 व्या वर्षी. अंत्यविधी रायमनमध्येच झाला.

गेल्या मार्चमध्ये आम्ही शेल्बीला गेलो. गावाच्या चौकात जुनं कोर्ट आहे, घुमटाचं, तिथे 2014 पासून अर्ल स्क्रग्ज सेंटर आहे. मुलगी तिथल्या पडद्यांवर रमली. मी बराच वेळ नुसता चौकातल्या बाकावर बसलो. रविवारच्या दुपारी गिरणगावात पाळ्या बंद असायच्या तेव्हा असायची तशी शांतता. जेवायला लिव्हरमश घेतलं, ही इथली खासियत. डुकराचं काळीज आणि मक्याचं पीठ थापून, काप तळून पावात. बायकोने वास घेतला आणि बटाट्यावर भागवलं. मला आवडलं. गिरण्या असलेल्या गावांत सगळीकडे स्वस्त आणि पोटभरीचं खाणं सापडतं, हा माझा अनुभव.

तिथूनच मी बाबांना व्हिडिओ कॉल लावला. आमच्या घड्याळात दुपार, त्यांच्याकडे रात्र. बाबा आता 84 चे आहेत, बदलापूरला भावाकडे असतात. 1982 च्या जानेवारीत संप झाला, तो त्यांच्यासाठी कधी मिटलाच नाही. नंतर त्यांनी भाजी विकली, मग एका इमारतीची रखवाली केली. रिंग खात्याने कान नेले ते आधीच. भाऊ फोन त्यांच्या कानाला चिकटवतो आणि मी ओरडतो.

मी कोर्टाची इमारत दाखवली, सांगितलं की हा माणूस सूतगिरणीत होता आणि त्याच्या नावाने एवढं मोठं केलंय. त्यांनी पहिलं काय विचारलं? ‘पगार किती होतो?’ मी म्हटलं, तासाला चाळीस सेंट. ते थोडा वेळ गप्प. हिशेब करत होते की काय कोण जाणे. मग म्हणाले, ‘वाजव बघू.’

बँजो गाडीतच होता. चौकात, बाकावर, मी ‘क्रिपल क्रीक’ वाजवलं, शिकणाऱ्याला पहिलं देतात ते. दोन पोरं सायकल थांबवून बघायला लागली. फोन मुलीच्या हातात, पडद्यावर बाबांचा फक्त कान आणि पांढरे केस. मी घाबरून, नेहमीप्रमाणे, दुसऱ्या फेरीत थोडा पळालो, एका जागी मधलं बोट चुकलं, तरी थांबलो नाही, पुढे गेलो.

संपल्यावर भावाने फोन सरळ केला. बाबा पडद्यात बघत होते.

‘मधी एक तार तुटली तुझी,’ ते म्हणाले. ‘पण जोडलंस.’

मग त्यांनी भावाला विचारलं, ह्याका बटणां खंय असत?